कान धरून निवडलेलं कुत्रं

डॉग हँडलरच्या कोर्ससाठी माझी पोस्टिंग आली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा लान्स नायक होतो आणि कुत्र्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. खरं म्हणजे आमच्या अकोल्याच्या घरात कुत्रं कधीच नव्हतं. वडील लग्नं-मुंजी लावणारे, घरात सोवळं, कुत्र्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या मामाच्या गावी जायच्या आणि मामाच्या वावरात चार-चार कुत्री असायची. पिल्लू कसं पारखायचं ते मामानं मला शिकवलं. दोन्ही कान धरून उचलायचं. ओरडलं तर भित्रं, ठेवा खाली. गप्प राहिलं तर दमाचं. मग जबडा उघडून टाळू पाहायची, काळी असली तर फारच चांगलं. शेवटी नखं मोजायची. वीस भरली की असं पिल्लू वाघालाही भीत नाही म्हणतात. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पिल्लू असंच निवडतात. फौजेत जाऊन मीही तसंच निवडलं.

ट्रेनिंग सेंटरचा दिवस ठरलेला असे. पाचला उठायचं, साडेपाचला केनेल धुवायचं, सहाला कुत्र्याबरोबर दौड, मग पाऊण तास त्याच्या अंगावर ब्रश. आधी कुत्र्याचं पाणी, मग आपला चहा. आधी त्याचं जेवण, मग आपलं. भटजीचा पोरगा कुत्र्याची घाण काढतो म्हणून सगळ्या बॅरेकला मोठी गंमत वाटायची. पहिल्या आठवड्यातच माझं नाव पंडित पडलं आणि पुढे अठरा वर्षं तेच राहिलं.

मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गजानन निमकर आला. तो मूर्तिजापूरजवळचा, शकुंतला गाडीच्या लाईनवरच्या एका खेड्यातला. घरी झेंडू, वांगी, मेथी. माळव्यावर, म्हणजे भाजीपाल्यावर, वाढलेला माणूस, त्यामुळे चिखलात बसून काम करायला त्याला कधी लाज वाटली नाही. तोंडानं फटकळ होता. माझं आडनाव आणि गाव ऐकल्याबरोबर म्हणाला, "अकोल्याचा का? मंग तुले आमच्या भाजीची सवय असन. पाव किलो घ्यायचं आन् कोथिंबीर फुकट मांगायची." तिथून आमची दोस्ती झाली.

कुत्री वाटायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघे शेवटी उरलो आणि दोन कुत्री उरली. दोघे लॅब्राडोर, एकाच विणीचे भाऊ, आठ महिन्यांचे. काळा ब्रूनो आणि पिवळा बिट्टू. आमचे उस्ताद सुभेदार रघुबीर सिंग म्हणाले, तुम्ही दोघे गाववाले आहात, आपसात ठरवा. मी एका दिवसानं सीनियर, म्हणून निवड माझी.

आठ महिन्यांचं कुत्रं कान धरून उचलता येत नाही. मी कान पिळला. बिट्टूनं असा टाहो फोडला की शेजारच्या केनेलमधली सगळी कुत्री भुंकायला लागली. तो चार पावलं पळाला, थांबला, मागे वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत येऊन माझा हात हुंगला. ब्रूनोचा कान पिळला. हूं नाही की चूं नाही. तो जागच्या जागी बसला आणि समोर बघत राहिला. टाळू काळी. नखं वीस. मी म्हणालो, हा माझा.

उस्ताद हे सगळं पाहत होते. "कान खींचकर क्या देखा, पंडित?"

"दम देखा, उस्ताद."

"दम नहीं देखा. उसने साँस रोकी थी, वो देखा." एवढंच बोलून ते पुढे गेले. मला त्याचा अर्थ कळला नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती, कारण मनासारखं कुत्रं मिळालं होतं.

निमकर बिट्टूचा कान चोळत बसला होता. म्हणाला, "तू घे तुले पायजे तो. मले बोलकंच बरं. घरी बायको बी तशीच हाय."

पुढचे नऊ महिने आम्ही स्फोटकं हुडकायला शिकलो. म्हणजे कुत्री शिकली, आम्ही लीश, म्हणजे त्यांच्या पट्ट्याची दोरी, धरायला शिकलो. सुरुंगाच्या दारूचा वास लागला की कुत्र्यानं भुंकायचं नाही, उकरायचं नाही, फक्त खाली बसायचं. बसणं हाच इशारा. ब्रूनोचं नाक उत्तम होतं. तो परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झाला. फक्त उस्तादांनी त्याच्या कागदावर एक ओळ लिहिली होती, की हे कुत्रं घाबरलं तरीही बसतं, हँडलरनं फरक ओळखायला शिकावं. मी ती ओळ वाचली आणि कागद ट्रंकेत ठेवला.

त्यानंतर आम्ही दोघे एकाच पोस्टवर गेलो. डोंगराळ भाग, थंडी, खाली दरीतून जाणारा एक रस्ता. रोज सकाळी त्या रस्त्यानं आपल्या गाड्यांचा कॉन्व्हॉय जायचा. त्याआधी रोड ओपनिंग पार्टीनं साडेचार किलोमीटर चालून रस्ता तपासायचा. आम्ही अकरा जण. सर्वांत पुढे एक कुत्रं आणि त्याचा हँडलर, साठ मीटर मागे दुसरं कुत्रं, मग बाकीचे. एक दिवस ब्रूनो पुढे, एक दिवस बिट्टू. सहा चाळीसला निघायचं, साडेआठपर्यंत रस्ता मोकळा झाल्याचं रेडिओवर सांगायचं. बहुतेक दिवस काही होत नसे. पाय गारठायचे, कुत्र्यांच्या मिशांवर दव गोठायचं आणि आम्ही परत येऊन पराठे खायचो.

दोन महिन्यांत ब्रूनो दोनदा बसला. एकदा उतारावरून पत्र्याचा डबा गडगडत आला तेव्हा. एकदा बकऱ्यांचा कळप अचानक आडवा आला तेव्हा. दोन्ही वेळा बॉम्ब डिस्पोजलवाले आले, रस्ता खणला, कॉन्व्हॉय तीन-तीन तास थांबला आणि निघालं काहीच नाही. कंपनी कमांडर मला बोलावून म्हणाले, "पंडित, तुम्हारा कुत्ता बैठता बहुत है." मी यस सर म्हटलं. लंगरमध्ये जेवताना पोरं म्हणायची, ब्रूनो थकला, त्याला खुर्ची द्या. मी हसायचो. पण मला ते लागायचं. माझं कुत्रं भित्रं आहे हे मला कुणी म्हणू नये असं वाटायचं, कारण ते मीच निवडलं होतं.

त्या सकाळी ब्रूनोची पाळी होती. सहा चाळीसला निघालो. रस्त्यावर पांढरा बर्फाचा पापुद्रा होता. तिसरा कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची मोरी, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर होता. वरच्या उतारावरून एक दगड सुटला आणि रस्त्यावर आपटून दरीत गेला. ब्रूनो बसला. घड्याळात सात अठरा झाले होते.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. शेपटी स्थिर, कान स्थिर. घाबरून बसला की असाच दिसायचा, वास लागून बसला की असाच दिसायचा. त्या कुत्र्याच्या तोंडावर कधी काही उमटतच नसे. मागे निमकर आणि बाकीची नऊ माणसं थांबली. खाली कॉन्व्हॉयच्या गाड्यांची इंजिनं सुरू झाल्याचा आवाज येत होता. मला तिसऱ्यांदा कमांडरसमोर उभं राहायचं नव्हतं.

मी लीश ओढली. "चल."

तो उठला नाही. मी पुन्हा ओढली. त्याची नखं बर्फावर घासत आली. तसा मी त्याला चार-पाच पावलं पुढे नेला.

वॉकीटॉकीवर निमकर बोलला. "पंडित, का झालं?"

"काई नाई. गोटा पडला, तं भेला हाय."

"भेला हाय का वास लागला हाय?"

"मले का माईत."

"तुले माईत नाई तं ओढून कावून राहिला? थांब तिथंच."

मी थांबलो.

मागून सेक्शन कमांडरचा आवाज आला. "दोनों हिंदी में बोलो. क्या मामला है?"

निमकर म्हणाला, "सर, इंडिकेशन डाउटफुल है. पंडित को पीछे लीजिए. बिट्टू को आगे ला रहा हूँ. ओव्हर."

"ओके. पंडित, पीछे आओ."

मी ब्रूनोला घेऊन मागे आलो. निमकर माझ्या बाजूनं पुढे गेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. बिट्टूला त्यानं लांब लीशवर सोडलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेच्या दगडाआड गुडघ्यावर बसला. बिट्टू वाऱ्याच्या दिशेनं नाक वर करून चालला. मध्येच थांबला. शेपटी ताठ झाली. मग तो मोरीच्या कठड्याला वळसा घालून उताराकडच्या बाजूला उतरला, बसला आणि मान वळवून निमकरच्या तोंडाकडे पाहायला लागला. बिट्टूच्या बाबतीत कुणालाही विचारावं लागत नसे. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी कळायचं.

निमकरनं हात वर केला आणि लीश गोळा करायला सुरुवात केली. "पॉझिटिव. पॉझिटिव. सब पीछे."

बिट्टू उठून परत निघाला होता. वर डोंगरात बसलेल्या कुणीतरी बटण दाबलं. सात चोवीस.

धूर खाली बसल्यावर मोरी नव्हती. निमकर रस्त्यावर पडला होता. त्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. मी त्याला ओढून मागे आणलं. त्याच्या हातात लीश तशीच होती. तो मोठमोठ्यानं बिट्टूला हाका मारत होता, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

चौकशी झाली. निमकर हॉस्पिटलात होता, त्याला प्रश्न कागदावर लिहून विचारले. त्यानं उत्तर लिहिलं, की ब्रूनोनं इशारा दिला, पंडित थांबला, बिट्टूनं खात्री केली. मला विचारलं तेव्हा मीही तेवढंच सांगितलं. ओढल्याचं मी बोललो नाही. दोन महिन्यांनी वेळीच थांबल्याबद्दल मला कमेंडेशन कार्ड मिळालं. ते मी घरी कधी भिंतीवर लावलं नाही. बायको विचारायची, मी फ्रेम महाग आहे म्हणायचो.

ब्रूनोला फील्डमधून काढलं आणि सेंटरला परत पाठवलं. तिथे तो म्हातारा होऊन मेला. त्याचा काही दोष नव्हता. मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवल्यावर निमकर घरी आला. उजवा कान गेलेला, डाव्यात मशीन घातलं तर थोडंफार ऐकू यायचं. समोरच्याचे ओठ वाचायला तो शिकला. मी नोकरी पुरी करून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि अकोल्यात स्थायिक झालो. गल्लीत मला सगळे मेजर म्हणतात. पहिली दोन वर्षं मी चूक दुरुस्त केली, मग सोडून दिलं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास निमकरच्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला. ती अमरावतीला वकील आहे. तिची आई जाऊन दोन वर्षं झालीत, आणि निमकर मूर्तिजापूरच्या त्या वावरात एकटाच राहतो. घामानं मशीन खराब होतं म्हणून शेतात तो ते काढून ठेवतो. झेंडू तोडत असताना मागून ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स आली. सगळे ओरडले, त्याला कळलंच नाही. चाकानं टाच दाबली.

"काका, टाच थोडक्यात वाचली. पुढच्या वेळेस काय होईल?" वैशाली म्हणाली. "मी त्यांना अमरावतीला घेऊन येते म्हटलं. ते म्हणतात, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय कुंडीत झेंडू लावू? दोन दिवस जेवले नाहीत."

"मग?"

"मग ठरलं असं, की एक कुत्रं ठेवायचं. मागून काही आलं तर ते बाबांना सांगेल. गुढीपाडव्यापर्यंत ते जमलं तर बाबा शेतावर राहतील. नाही जमलं तर सामान बांधायचं. कुत्रं तुम्ही निवडायचं असं बाबा म्हणाले."

मी फोन ठेवला. आयुष्यात मी एकदाच कुत्रं निवडलं होतं, आणि ते कसं निवडलं होतं हे निमकरला चांगलं माहीत होतं. तरी त्यानं माझंच नाव घेतलं होतं.

अकोल्यात आमच्या ओळखीच्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, देशमुख बाई. त्यांच्या गावठी कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर, एका रविवारी सकाळी दहाला, निमकर आणि वैशाली आले. मी घरातून स्टीलचं ताट घेऊन गेलो होतो. बाईंचे यजमान अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला पाहिल्याबरोबर त्यांनी एक काळं पिल्लू पुढे आणलं.

"मेजर, हे घ्या. डोळे मिटून घ्या. काळी टाळू, वीस नखं. आन् हे पाहा," असं म्हणून त्यांनी पिल्लाच्या दोन्ही कानांना हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असावं.

"ठेवा खाली," मी म्हणालो.

"अहो, चूं करत नाही ते. लय दमाचं हाय."

"ठेवा म्हणतो ना."

त्यांनी ठेवलं. देशमुख बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वातावरण जरा तंग झालं, पण मला त्याची फिकीर नव्हती. निमकर माझ्या ओठांकडे पाहत होता.

मी पाचही पिल्लं अंगणात सोडायला सांगितली. ती खेळायला लागली. मग त्यांच्या पाठीमागे, पाच हातांवर, ताट फरशीवर टाकलं. दोन पिल्लं तुळशीमागे पळाली ती बाहेर आलीच नाहीत. एकानं मान वर केली आणि कोपऱ्यात पडलेल्या आईला लुचायला गेलं, त्याला जगाची पर्वा नव्हती. काळं होतं तिथेच बसलं आणि समोर बघत राहिलं. पाचवी एक खारकेच्या रंगाची मादी होती. ती केकाटत दहा हात पळाली, थांबली, वळली. ताट अजून गरगरत होतं. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वैशालीकडे, मग निमकरकडे. मग पोट जमिनीला घासत परत आली, ताट हुंगलं, आणि निमकरच्या पायाशी जाऊन त्याच्या तोंडाकडे बघत छोटंसं भुंकली. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं.

"ही," मी म्हणालो.

वैशालीला पटलं नाही. "काका, ही तर सगळ्यात घाबरट आहे. केवढ्यानं ओरडली. ते काळं बघा, जागचं हललं नाही. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे. मला कारण सांगा."

ती वकील, कारण मागणारच. आणि कारण सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागणार होतं. मी निमकरसमोर उभा राहिलो, त्याला ओठ दिसतील असा, आणि बोललो.

"वैशाली, असंच जागचं न हलणारं कुत्रं मी एकदा निवडलं होतं. ते भेलं होतं का त्याला वास लागला होता, मला ओळखता आलं नाही. मी ते ओढलं. सुरुंगाकडे ओढलं. चार-पाच पावलं. तुझ्या बाबांनी थांबवलं नसतं तर मी मेलो असतो. ते पुढे गेले म्हणून त्यांचे कान गेले. चौकशीत मी हे सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आज सांगतोय."

चोवीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि ती मी देशमुख बाईंच्या अंगणात, त्यांच्या यजमानांसमोर बोलून बसलो होतो.

निमकर नेहमीसारखा मोठ्यानं बोलला. "तुले का वाटते, मले दिसलं नवतं? साठ मीटरवर होतो मी. आंधळा नवतो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मी थांब म्हटलं आन् तू थांबला. मांगं नऊ मानसं उभी, खाली गाड्या उभ्या, मोठा साहेब चिडलेला. तरी थांबला. मी तेच लिवलं. त्यात खोटं का होतं?"

मी खाली बसून पिल्लाच्या मानेवर हात फिरवायला लागलो, तेवढंच करण्यासारखं होतं. वैशालीनं डोळे पुसले आणि कोर्टात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ठीक आहे. मग हीच." देशमुख बाईंनी सगळ्यांना चहा दिला. यजमानांनी काळ्या पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याचे कान हळूच कुरवाळत राहिले. ते त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं, चांगलं शांत कुत्रं झालं आहे.

पिल्लाचं नाव खारीक ठेवलं. बिट्टू ठेवूया असं मी म्हणालो होतो, निमकर नाही म्हणाला. "त्याचं नाव त्याले राहू दे," म्हणाला.

त्यानंतर पाडव्यापर्यंत मी दर मंगळवारी आणि शनिवारी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरायचो आणि तिथून ऑटोनं वावरात. कामाला लागल्यावर माझा मूड एकदम फौजेतला झाला. आधी कुत्र्याचं पाणी, मग आमचा चहा. कुणी मागून आलं की खारकेनं निमकरच्या गुडघ्याला नाक लावायचं, मग आवाजाच्या दिशेला वळायचं. लावलं की भाकरीचा तुकडा. माणूस आधी, मग सायकल, मग मोटरसायकल. दोन महिने ती फुलपाखरांमागेच पळायची. निमकर म्हणायचा, "पंडित, तुवा का निवडलं बे हे, हे तं नुसतं नाचते." मी त्याला गप्प राहायला सांगायचो. तो म्हणायचा, ऐकू येत नाही.

पाडव्याच्या आदल्या रविवारी वैशाली आली. सकाळचे सात वाजले होते. ती आणि मी बांधावर उभे होतो. निमकर मेथीच्या वाफ्यात पाठ करून बसला होता, कानात मशीन नव्हतं. भाजी न्यायला येणारा छोटा टेम्पो वावरात शिरला आणि रोजच्यासारखा रिव्हर्स येऊ लागला. ड्रायव्हर मान बाहेर काढून भलत्याच बाजूला बघत होता. वैशाली पुढे धावणार होती, मी तिचा हात धरला.

खारीक विहिरीजवळ होती. ती सरळ वाफ्यातून पळत आली आणि निमकरच्या गुडघ्यावर नाक आपटलं. त्यानं वळून पाहिलं. ती टेम्पोकडे तोंड करून उभी राहिली, मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. निमकर मेथीची जुडी हातात घेऊन उठला, आरामात बांधावर येऊन उभा राहिला आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला दोन शिव्या दिल्या. मग खिशातून भाकरीचा तुकडा काढून खारकेला दिला.

वैशाली बांधावरच बसली आणि रडायला लागली. निमकर घाबरून तिच्याकडे आला. "का झालं वं पोरी?"

"काही नाही, बाबा," ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "राहा तुम्ही इथेच. मी रविवारी येत जाईन."

त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मेथीची जुडी तिच्या मांडीत ठेवली, ही घेऊन जा म्हणाला, आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसला. मला इतकं हलकं वाटलं की मीही पँट वर करून मेथी उपटायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच. दहा मिनिटांत कंबर धरली.

बिट्टूबद्दल एवढं लिहून संपवतो. लॅब्राडोर, रंग पिवळा, वय जेमतेम दोन वर्षं. पोस्टच्या मागच्या उतारावर, एका अक्रोडाच्या झाडाखाली त्याला पुरलं. पुरताना निमकर हॉस्पिटलात होता, म्हणून त्याच्या वतीनं पहिली माती मी टाकली. सेक्शन कमांडरनं सॅल्यूट दिला, आम्ही सगळ्यांनी दिला. त्या सकाळी रस्त्यावर आम्ही अकरा जण होतो. अकराच्या अकरा पेन्शनवर आले.